अर्ध्या किमतीतलं कोरं रिव्हॉल्व्हर

भवानीबाईंना सहजासहजी किळस येत नसे. मद्रासजवळच्या अंबत्तूरच्या शाळेत त्यांनी उभा जन्म जीवशास्त्र शिकवलं. बरण्यांतले बेडूक हाताळायचे, साबणाने हात धुवायचे आणि खुशाल दहीभाताचा डबा उघडायचा, अशी त्यांची रीत. गल्लीत कुठे उंदीर मरून पडला तर बायका त्यांनाच हाक मारत. त्या भवानीबाईंना उतारवयात शिसारी आली ती नवऱ्याच्या एका सौद्याची.

बालाजीराव एका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. समोरच्याला किमतीत खाली पाडणं हेच तिथलं काम. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. स्वस्तात मिळालं म्हणून आणलेल्या वस्तूंनी घर भरलं होतं. इडलीचं पीठ वाटायचे दोन वेट ग्राइंडर, एक मुका रेडिओ, शिवाय बंद पडलेल्या दवाखान्यातली दातांच्या डॉक्टरची खुर्ची. तिच्यावर बसून ते पेपर वाचत. भवानीबाई हसून सोडून देत.

एके दिवशी बालाजीरावांना कुणीतरी सांगितलं, माउंट रोडवरच्या बंदुकांच्या दुकानात एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर विकायला आलंय, एकही गोळी न उडालेलं. झालं! आमचे पूर्वज तंजावरला राजांच्या पदरी होते, घरात एक हत्यार नको का, असं म्हणत बालाजीराव निघाले. येताना टी. नगरला साड्या बघायला जाऊ, या बोलीवर भवानीबाईंनाही त्यांनी बरोबर घेतलं.

दुकानात रिव्हॉल्व्हरची मालकीण आधीच येऊन बसली होती. वसंता अम्माळ. एन्नोरहून बसने आलेली, सुती साडीतली, थकलेली बाई. तिचा नवरा नारायणस्वामी बंदरात कारकून होता. त्याच्या वडिलांना एका इंग्रज जहाज अधिकाऱ्याने मायदेशी जाताना ते रिव्हॉल्व्हर देऊन टाकलं होतं. नारायणस्वामी वारला तसा त्याच्या नावचा परवानाही संपला. मग कायद्याप्रमाणे ते दुकानात जमा झालं. आता तिला त्यातून मोकळं व्हायचं होतं.

दुकानदाराने मेणकागद उलगडला. आत निळसर काळं पोलाद, ओरखडासुद्धा नाही. मुठीच्या खाचेत चंदनकुंकवाचा बारीकसा डाग होता. आयुधपूजेला ते दरवर्षी देवापुढे ठेवलं जाई.

"कधीच उडवलं नाही?" बालाजीरावांनी तमिळमध्ये विचारलं.

"नाही," अम्माळ म्हणाली. "एकदा बंदरात संप होता. रात्री संपवाली माणसं घरावर चालून आली. दीर म्हणाले, ते बाहेर काढ. यांनी ते ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली, आणि रिकाम्या हातांनी ओसरीवर जाऊन बोलत उभे राहिले. शेवटी माणसं निघून गेली. यांना फार अभिमान होता, की आपल्या घरात ते कधी उडालं नाही."

न पाहिलेल्या त्या माणसाला भवानीबाईंनी मनोमन हात जोडले.

बालाजीराव मात्र बायकोकडे वळले आणि घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "भित्रा होता ग मनुष्य. अस्कं बरंच जालं, आपल्याला कोरा माल मिळतो. तू तोंड वाकडं कर, म्हणजे भाव उतरेल."

मद्रासच्या दुकानांत ही त्यांची जुनीच युक्ती. तमिळ माणसासमोर मराठीत ठरवायचं आणि तमिळमध्ये भाव पाडायचा. साडी घेताना, भाजी घेताना भवानीबाईंनीही ती हौसेने केली होती. पण आज आईच्या तोंडची ती भाषा त्यांना शिळ्या अन्नासारखी आंबूस लागली. अम्माळ काही न कळून दोघांकडे पाहून हसत होती. त्या हसण्याने तर त्यांना बसवेना.

मग घासाघीस सुरू झाली. याच्या गोळ्या मिळत नाहीत. न उडवलेलं यंत्र चालेल कशावरून? दुसरं कोण घेणार? सरकारजमा केलंत तर वितळवून टाकतील. अम्माळची मान खाली खाली जात होती. बोलता बोलता बालाजीरावांनी ते हातात तोललं, एक डोळा मिटला, आणि नळी सरळ तिच्या कपाळावर रोखून म्हणाले, "ठो!"

बाई दचकून मागे सरली. हातातली पिशवी खाली पडली.

"सार, असं माणसावर धरू नका," दुकानदार करड्या आवाजात म्हणाला.

"रिकामंच अहे की!" बालाजीराव हसत सुटले.

सौदा अर्ध्या किमतीत ठरला. बालाजीरावांना परवाना मिळेपर्यंत रिव्हॉल्व्हर दुकानातच राहणार होतं. टी. नगरला जायचं भवानीबाईंनी नाकारलं. घरी त्यांनी पानात वाढलेलं सांबारं तसंच टाकलं. नवरा फोनवर एकेकाला सांगत होता, "लुटलं म्हण की!" इतकी वर्षं जिला आपण खोड म्हणत आलो ती खोड नव्हती, हे भवानीबाईंना कळून चुकलं. या माणसाला समोरचा वाकलेला बघायला आवडत होतं.

परवान्याच्या चौकशीसाठी पोलीस सब-इन्स्पेक्टर घरी आला. तरुण, नम्र मुलगा. बालाजीरावांनी अर्जात जिवाला धोका असल्याचं लिहिलं होतं.

"अम्मा, घरात शस्त्र यायला तुमची हरकत नाही ना?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"नाही म्हणून सांग," बालाजीराव मराठीत पुटपुटले.

भवानीबाई तमिळमध्येच बोलल्या, एकेक शब्द स्वच्छ. "आहे. आम्हाला कुणाचाही धोका नाही. यांनी दुकानात ते एका विधवा बाईवर रोखलं, गंमत म्हणून. दुकानदाराला विचारा. ते घरात आलं तर मी इथे राहणार नाही."

परवाना नाकारला गेला. बालाजीराव महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. ती शांतता भवानीबाईंना मानवली.

सौदा मोडल्याचं सांगायला त्या स्वतः एन्नोरला गेल्या. आपल्यामुळे बाईचं नुकसान झालं, ही टोचणी होतीच. अम्माळने ऐकून घेतलं, ताक दिलं.

"त्या दिवशी तुमच्या भाषेत ते काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

भवानीबाईंच्या तोंडून ते निघेना. "माझ्या तोंडून नका ऐकू," त्या म्हणाल्या.

"मग समजलं," अम्माळ म्हणाली. "राहू दे दुकानात. घाई मलाच झाली होती."

पुढे पुतणीच्या लग्नात, पंगतीत बसून, बालाजीराव व्याह्यांना हातचा गेलेला सौदा रंगवून सांगू लागले. पायसम नुकतंच वाढलं होतं. भवानीबाईंनी केळीचं पान मिटलं आणि पंगत उठायच्या आधीच त्या हात धुवायला गेल्या.