मंडळाचा टीव्ही गेलेला नाही

किस्से कुणी जमवत नसतं. ते पंख्याच्या पात्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आपल्याला वाटतं पंखा स्वच्छ आहे, आणि मग एक दिवस कुणीतरी तो बंद करून वर बघतं! हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात तर कार्यक्रम कमी आणि किस्सेच जास्त. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथली चिटणीस, म्हणजे हॉलची किल्लीही माझ्याकडे आणि बोलणीही मलाच. त्यातल्या एकट्या टीव्हीच्या दुखण्यानं जेवढे किस्से दिले, तेवढे आमच्या वीस गणेशोत्सवांनी दिले नसतील.

आधी एक सांगायला हवं. आमच्याकडे दिवंगतांची सोय उत्तम आहे. पंख्यावर कुणाचे आजोबा, वॉटर कूलरवर कुणाची आजी, स्टीलच्या पेल्यांवर तर एक अख्खं कुटुंब. सगळ्यात मानाची जागा टीव्हीला. त्याच्याखाली पाटी: ‘कै. सौ. कुसुम पाटील यांच्या स्मरणार्थ’. या आमच्या अध्यक्षांच्या, अण्णा पाटलांच्या पत्नी. वहिनींच्या आजारपणात अण्णांनी तो घेतला होता. त्या गेल्यावर उचलून मंडळात आणून लावला, कारण घरी एकट्यानं बघवेना. हे अण्णा कधी बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं आणि वाईटही वाटत होतं.

* * *

टीव्ही एकदम नाही बिघडला. आधी डावा कोपरा काळवंडला, मग खालची बाजू. कुणी काही बोललं नाही. कारण आमची वयंच अशी, की काही दिसेनासं झालं की माणूस पहिला संशय स्वतःवर घेतो. लीलामावशींनी चष्म्याचा नंबर बदलून आणला. अण्णा डोळ्यांत थेंब घालायला लागले. मी रोज गाजरं खाल्ली!

मग एका संध्याकाळी पडदा पुरता काळा कुळकुळीत झाला. आवाज मात्र खणखणीत. तरी सगळे शिस्तीत समोर बघत बसलेले, मध्येमध्ये माना डोलावत. बातम्या संपल्यावर लीलामावशी हळूच माझ्या कानाशी आल्या.

“शैला, आज त्या बातम्यांवालीनं साडी कुठली नेसली होती गं?”

मी म्हटलं, “निळी.”

“हो हो, निळीच!” मावशी म्हणाल्या.

* * *

सत्य उजेडात आणलं ते आपट्यानं. नव्वदनंतर बाजार खुला झाला, साऱ्या जगाची दुकानं हैदराबादेत आली आणि त्यांच्या पाठोपाठ पुण्याची माणसंही आली. निखिल आपटे हा त्यातलाच. सॉफ्टवेअरमध्ये, राहायला नल्लकुंट्याला. बिचाऱ्याचे डोळे धडधाकट असल्यामुळे दारातूनच ओरडला, “अहो, टीव्ही गेलाय हा!”

अण्णा उठून उभे राहिले. “गेला म्हणायचं नाही.”

“पण अण्णा, चित्रच नाहीये.”

“आवाज येऊ लागला की नाही? मग चालूच आहे न!”

अध्यक्षांचा निर्णय झाला. आपट्याचंही अगदीच निर्मळ मन होतं असं नाही. त्याला आपल्या आजोबांच्या नावानं दुप्पट मोठा टीव्ही मंडळाला द्यायचा होता. आजोबा पुण्यात वारले, हैदराबाद त्यांनी नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल, पण पाटीला काय! जुना टीव्ही गेला असं ठरलं, तरच नवा येणार. त्यामुळे आमच्याकडे बिघाड कुठे आहे हे सांगण्याआधी विचारणारा कुणाच्या बाजूचा आहे ते बघावं लागायचं.

* * *

आपट्यानं निदान ऑफिसातून, फोनवरून केलं. हल्लीचे डॉक्टरही तसंच करतात म्हणे.

“काकू, बंद करून चालू करा.”

केला.

“आता काय दिसतंय?”

“काही नाही.”

“म्हणजे पूर्ण काळं, की काळ्यात थोडं उजळ?”

मी म्हटलं, “बाबा रे, श्राद्धाचा कावळासुद्धा याहून उजळ असतो.”

मग त्यानं मला रिमोटची बटणं एका विशिष्ट क्रमानं दाबायला लावली. समोर काही दिसत नसताना! त्यातून एवढंच झालं, की टीव्ही तमिळमध्ये बोलायला लागला.

“पॅनेल गेलं, काकू. नवीनच घ्यावा लागेल,” आपटे गंभीर आवाजात म्हणाला. एवढा आनंदी गंभीर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढचा आठवडाभर आम्ही तमिळ बातम्या ऐकल्या. अण्णा म्हणाले, “काही नाही, भाषा कानावर पडलेली बरी असती.”

* * *

खरं निदान केलं लीलामावशींनी, तेही कानातली कुडी हरवली म्हणून. त्या टीव्हीच्या टेबलाखाली बॅटरी घेऊन वाकल्या होत्या. उठताना बॅटरीचा झोत तिरका पडद्यावर पडला आणि मावशी किंचाळल्या, “अगं बाई, माणूस आहे की आत!”

सगळे धावले. खरंच होता. फिकट, धुरकट, पण टाय लावलेला, हातवारे करणारा माणूस! चित्र शाबूत होतं, फक्त त्याच्यामागचा उजेड गेला होता. अण्णा बराच वेळ बॅटरी धरून त्या माणसाकडे बघत राहिले. मग वळून आपट्याला म्हणाले, “बघ. आत आहे सगळं.”

शहाण्या माणसांनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला असता. आम्ही प्रत्येकानं घरून बॅटरी आणली! मालिका बरी दिसायची, कारण त्यात सासू एका जागी उभी राहून बराच वेळ रागावते. पंचाईत झाली क्रिकेटला. बॉलरवर एक बॅटरी, बॅट्समनवर दुसरी, आणि चेंडू गेला की सगळ्यांचे झोत त्याच्यामागे. झोत पोचेपर्यंत फोर!

“जरा आधी सांगत जा न, कुठे मारणार ते,” लीलामावशी बॅट्समनवर चिडायच्या.

* * *

शेवटी सगळ्यांच्या बॅटऱ्यांचे सेल संपले आणि मंडळाला अक्कल आली. दिलसुखनगरहून टीव्ही दुरुस्त करणारे सलीमभाई आले. नम्रतेशी त्यांचं जुनं भांडण असावं. आल्याआल्या विचारलं, “इसको पहले कौन देखा?”

मी आपट्याकडे बोट दाखवलं.

“क्या बोले?”

“पॅनेल गया.”

“हौ. सर में दर्द है तो सर काट दो!”

त्यांनी आम्हाला समजावलं, की पडद्यामागे दिव्यांच्या पट्ट्या असतात, एकेका पट्टीतले दिवे एका माळेत. एक जळला की पुरी लाइन अंधारात. आमच्या कार्यकारिणीचंही तसंच असल्यामुळे ते लगेच समजलं. “मगर टीचरम्मा, उसके वास्ते सामने का काच उठाना पड़ता. पापड़ है वो. टूटा तो सेट खतम. फिर मेरेकू बोलना नक्को.”

आपटे म्हणाला, “रिस्क कशाला घ्यायची, अण्णा?” आणि खरं सांगते, या वेळी तो पाटीसाठी बोलत नव्हता. हातातच तुटला तर अण्णांचं काय होईल, हीच भीती आम्हा सगळ्यांना होती.

“उठाने को दुसरा आदमी होना,” सलीमभाई म्हणाले.

अण्णा पुढे झाले. अण्णांचा हात असा कापतो, की त्यांना चहा अर्धा कपच देतात. सलीमभाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग खालची पाटी वाचली. मराठी येत नसलं तरी ‘कुसुम पाटील’ त्यांना वाचता आलं असणार. म्हणाले, “चाचा, बस इत्ता करो, सांस मत लो.”

दोघांनी काच उचलली. लीलामावशींनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली, ती घाईत मध्येच मारुतिस्तोत्रात शिरली. अण्णांचा हात जरासुद्धा हलला नाही. काच गादीवर ठेवली, जळके दिवे सापडले, पट्ट्या बदलल्या, काच परत बसली. मग अण्णांचे हात असे कापायला लागले, की खुर्चीत बसवून मला त्यांना पाणी पाजावं लागलं.

* * *

टीव्ही लागला. रंग आले, मराठीही परत आली! टाळ्या झाल्या. मग सलीमभाईंनी रिमोट घेऊन उजेड निम्म्यावर आणला.

“चाचा, ऐसाच रखो. फुल रखे तो साल-दो साल में फिर जाती लैट. कम रखे तो बरसों चलती.”

सगळ्यांना पटलं. आपट्यालाही पटलं, आणि तो स्वतः म्हणाला, “अण्णा, बेस्ट आहे. असाच ठेवू.” चित्र दिवेलागणीसारखं मंद होतं, पण दिसत होतं. सलीमभाई गेले. आम्ही बसलो.

थोड्या वेळानं अण्णांनी रिमोट मागितला. “हे वाढतं कुठून?”

आपट्यानं बटण दाखवलं. अण्णांनी ते दाबलं आणि दाबूनच धरलं, पार शेवटापर्यंत. हॉल पांढराफटक झाला. लीलामावशींनी कपाळावर आडवा हात धरला.

“अहो अण्णा, लवकर जाईल ना अशानं!”

“कुसुमचं सगळं कमी करून ठेवलं होतं,” अण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले. “मीठ कमी. साखर कमी. फिरणं कमी. शेवटी शेवटी तर बोलणंही कमी. डॉक्टर म्हणाले, असं ठेवा, टिकतील.”

आपटे कसाबसा म्हणाला, “पण अण्णा... गेला तर?”

“गेला तर तुझा आण. आता सरक बाजूला. दिसंना मला.”