दुधनीच्या सहा नळ्या आणि त्यातलं हळदकुंकू

कुणी तरी जीव ओतून बनवलेल्या, चाचणीही झालेल्या, पण कुठल्याच लष्करात कधी भरती न झालेल्या फिरत्या नळ्यांच्या मशीनगन, हा माझा छंद. "बायको बँकेत, घरी दोन मांजरं आणि ब्लॉगवर तोफा," असं माझा नवरा सुधीर पाहुण्यांना सांगतो. तर त्या ब्लॉगवर दुधनीच्या नागव्वांचा निरोप आला. "माझ्या अप्पानं असली बंदूक केलती. मिलिट्रीनं घेतली न्हाय. गाव मला आजून येड्याची लेक म्हंतंय. येऊन बघा आन् खरं काय ते सांगा." शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो.

सोलापूरचा रस्ता इतका सरळ की झोप येते. टेंभुर्णीला चहा घ्याच. मुक्काम सोलापुरात, शुक्रवार पेठेत. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी हाणली. चटणीचे दोन पुडे घ्या, एक गाडीतच संपतो. रविवारी अक्कलकोटमार्गे दुधनी. रेल्वेनंही जाता येतं, फक्त कुठली गाडी थांबते ते आधी बघा. वाटेत कानात कानडी पडायला लागली आणि सुधीरनं पुन्हा विचारलं, "आपण नक्की काय बघायला चाललोय?" मला तरी कुठं माहीत होतं!

नागव्वा साठीच्या, अंगणवाडीत मदतनीस. "बर्री, बर्री!" असं कानडीत 'या, या' म्हणत थेट देवघराशीच नेलं. लाकडी घोडीवर गोल बांधलेल्या सहा लोखंडी नळ्या, मागे हँडल. फिरवलं तर नळ्या फिरल्या. मी चक्रावलेच. बंदूक म्हणावी, तर गोळ्या भरायची जागा सापडेना. नाही म्हणावं, तर प्रत्येक नळीमागे खटका!

"मिलिट्रीसाटीच केली की," नागव्वा म्हणाल्या. "परत आणल्यावर जोंधळ्यावरची पाखरं हाकलायला."

"उडायची?"

"मी तवा तान्ही. आई म्हणायची, लई उडायची. चुलता म्हणायचा, नुसतं खडखड."

नळीत डोकावलं की निम्मं कळतं. पण डोकावणार कुठून? अप्पा गेल्यापासून दर खंडेनवमीला घरच्यांनी शस्त्र म्हणून पूजा केलेली, आणि ती बाहेरून नव्हे. तेल आणि हळदकुंकू थेट नळ्यांच्या तोंडात कोंबलेलं. आता त्याचा दगड झाला होता.

"अहो, आत कशाला?"

"देवाचं त्वांड सोडून निवद पाठीला लावत्यात व्हय?"

निवद पार पोटात गेला होता, कपाळ माझं!

खरवडावं लागेल म्हटल्यावर त्या नळीवरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच विचारलं, "आत भोकच नसलं तर?"

त्याच उठल्या, नळीच्या पाया पडल्या आणि सळई घेऊन आल्या. "खरवडा. एकदाचं कळू द्या."

सुधीरनं मोबाइलचा उजेड धरला. लाल-पिवळी ढेपळं पडली आणि पलीकडचा उजेड दिसला. आरपार! फडकं घातलं, ते काळंकुट्ट निघालं.

"काजळी! उडालीय!" मी ओरडलेच.

"किंवा जुनं तेल," सुधीर म्हणाला. मेल्याला आत्ताच अक्कल सुचायची होती! पण वास घेतला, आणि खरंच मला सांगता येईना.

नागव्वा माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं बोलायचा मोह झाला, शप्पथ. पण म्हटलं, "भोक पक्कं आहे. उडाली की नाही, ते मला कळत नाही. पण न घेतलेल्या कितीतरी बंदुका चांगल्या चालत होत्या. कुठली जड झाली, कुठली फार गोळ्या खायची. त्या करणारे वेडे नव्हते."

"म्हंजे येडा न्हाय, पर उडाली का ते कळंना?"

"हो."

"मग तुमी इतक्या लांबनं येऊन सांगितलं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी जेवूखाऊ घातलं.

घरी आल्यावर कित्येक दिवस ब्लॉगवर दुधनीचं पान लिहिता येईना. बंदूक लिहू की पाखरं हाकलायचं यंत्र? खंडेनवमीला नागव्वांचा फोन आला. "आवंदा नळीत कायबी घातलं न्हाय. साऱ्या खरवडल्या. गावाला सांगितलं, या आन् बघा."

"मग?"

"ज्यो त्यो डोळा लावून बघतोय. कोण म्हंतंय उडाली, कोण म्हंतंय न्हाय. दारात नुसती भांडणं लागल्यात."

"अरे देवा!"

"भांडू द्या की," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं येड्याची लेक कुणी म्हणंना."