दगडातल्या पाखराचं छाटलेलं बोट

माझ्या नोकरीत मुद्देमाल म्हणून तलवारी आल्या, बैल आले, एकदा वरातीचा घोडाही आला. पण जो मुद्देमाल अजून मनातून जात नाही, तो होता दगडातलं एक पाखरू. त्याच्यामुळे एका शिक्षकाची आयुष्यभराची अब्रू पणाला लागली होती.

तेव्हा मी शिरवळच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक रिसॉर्टमालक तक्रार घेऊन आले. जुने दगड जमवण्याचा त्यांना छंद होता. विहीर खोदताना सापडला असं सांगून एका माणसाने त्यांना जीवाश्म विकला होता. दगडात पाखराचा सांगाडा, पण जबड्यात बारीक दात आणि मागे लांबलचक हाडांची शेपूट. पुढे एका जाणकाराने तो बनावट ठरवला. विकणाऱ्याने नाव खोटं सांगितलं होतं आणि त्याचा फोन बंद होता. हाती एकच खरं नाव होतं. दगडासोबत वडूजकडच्या एका शाळेतल्या विज्ञान शिक्षकांचं सहीचं पत्र होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांपासून पक्षी झाले याचा हा अस्सल पुरावा आहे, असं त्यात लिहिलं होतं.

सरांना बोलावलं. पहिल्या एसटीने आले. संशयित म्हणून समोर बसलेल्या माणसाला 'सर' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अशाच एका सरांनी फॉर्म भरून दिला म्हणून मी कॉलेजची पायरी चढलो. त्यामुळे आवाज चढवायला जीभ रेटेना. तरी चौकशी ती चौकशी.

"दगड कुणी आणला?"

"अनोळखी माणूस होता, बोलण्यावरून आमच्याच भागातला. मी दगड वर्गात नेला. पोरांनी हात लावून बघितला."

"पत्राबद्दल काय घेतलंत?"

"चहा. तोही मीच पाजला."

शेजारी उभे असलेले हवालदार हसले. मी नाही हसलो. नाव आहे, सही आहे, मग अटक का नाही, असं वरून दोनदा विचारून झालं होतं. अटक म्हणजे निलंबन, आणि सरांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. मी चार दिवस मागून घेतले.

दगड घेऊन सांगलीला भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी दगडाला हात लावण्याआधीच विचारलं, "कुठल्या थरातून काढला? काढताना कोण हजर होतं?"

मी म्हणालो, "हा तर पंचनामा झाला."

"मग! पंचनाम्याशिवायचा जीवाश्म म्हणजे नुसतं हाड." त्यांनी दगड उलटा केला. "आपल्याकडचा कातळ लाव्हाचा, काळा. ही शहाबादी फरशी आहे, जेवायला बसतो ती. सांधे भरायचा गोंद वापरलाय. दात आणि शेपूट बहुधा घोरपडीची. बाकी पाखरू."

बनावट कशी केली ते कळलं, पण कुणी केली ते कळेना. ते हवालदारांना कळलं. ठाण्यात परतल्यावर ते दगडावर वाकले आणि पाखराच्या डाव्या पायावर त्यांनी बोट ठेवलं. आतलं बोट पेरापाशी तुटलेलं होतं.

"सरांनी पत्रात लिहिलंय," मी म्हणालो, "उत्क्रांतीत पक्ष्यांची बोटं कमी होत गेली, त्याची ही खूण."

"उत्क्रांती कशाची साहेब! कुणाच्या तरी घरची खूण हाय. आमच्याकडं दहा घरच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरत्यात. मग कोण पंखाला रंग लावतं, कोण पिलाचं बोट छाटतं. ह्यो देशी कोंबडा हाय आणि त्याला मालक हाय."

हवालदार साध्या वेशात, दगडातल्या त्या पायाचा फोटो घेऊन वडूजच्या बाजारात कोंबड्यांच्या रांगेत फिरले. एक आजी डालग्याशेजारी बसल्या होत्या. फोटो बघताच त्यांनी हवालदारांनाच धरलं.

"आवं, ह्यो माझा कोंबडा! डाव्या पायाचं आतलं बोट मीच छाटते. पावणं आल्यात म्हणून पुतण्या घेऊन गेला. एक तंगडी न्हाई दिली मेल्यानं!"

पुतण्या फरशी बसवणारा मिस्त्री निघाला. सरांनी त्याला पाहताक्षणी ओळखलं. तो मात्र निर्धास्त होता.

"कोंबडा खाल्ला, हाडं चिकटवली. त्यात काय गुन्हा साहेब? सरांनीच खरा म्हणून लिहून दिला."

"कोंबड्याचं राहू दे," मी म्हणालो. "शेपटीचं बोलू. घोरपड मारली की वनखातं काय करतं ठाऊक आहे का?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं सांगितलं. मोबाईलवर तसा दगड पाहिला होता आणि सर भोळे आहेत हे ऐकून होता.

सरांना साक्षीदार करायचं ठरलं. जबाब लिहून झाल्यावर ते म्हणाले, "एक वाक्य राहिलं. मी दगड तपासला नाही, असं लिहा."

"सर, गरज नाही. कोर्टात उलटतपासणीत तेच तुमच्यावर उलटवतील."

"उलटवू देत. तीस वर्षं पक्षी कसे झाले तो धडा चित्रावरून शिकवला. दगड समोर आला तेव्हा मला तपासायचंच नव्हतं."

ते वाक्य मी लिहून घेतलं. शिकलेली माणसं फसतात ती लोभाने किंवा अडाणीपणाने, असं मी तोवर समजत होतो. फार वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात उभं राहिलं, की हुशार माणूसही 'कुठून आलास' असं विचारायचं विसरतो. पुढच्या प्रत्येक तपासात मी हे स्वतःला बजावलं. मनासारखा पुरावा हाती आला की तो आधी दोनदा उलटा करून बघायचा.

त्या आठवड्यात सरांनी मला शाळेत बोलावलं. वर्गासमोर उभं राहून ते म्हणाले, "मागं तुम्हाला दाखवलं ते पाखरू खोटं होतं. मी चुकलो." खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली.

"सर, खरा दगड तुमी कवा बघितलाय का?"

"नाही."

"मग त्यो धडा खरा कशावरनं?"

मला वाटलं, सर आता खचणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं गं," ते म्हणाले. "एका दगडावरून नाही. लांबलांबच्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, वेगवेगळ्या थरांतून दगड काढले. कुणाला दात असलेलं पाखरू मिळालं, कुणाला पिसं असलेला सरपटणारा प्राणी. कुठला थर, किती जुना, सगळं लिहून ठेवलं. एखादा साक्षीदार फुटेल, पण इतके सगळे एकच कसं सांगतील?"

एवढं बोलून ते फळ्याकडे वळले आणि जमिनीचे थर काढू लागले. ठाण्यात माझी वाट पाहत होते, पण मी शेवटच्या बाकावर जागा करून घेतली आणि तास संपेपर्यंत उठलो नाही.