नक्कीभाऊंची सक्ती आणि तीन दिवसांची रजा

नक्कीभाऊ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण जो माणूस उठता-बसता "नक्की का?" विचारतो, त्याला ऑफिसने दुसरं म्हणावं तरी काय? घरी दूध उतू गेलं, तरी आधी चौकशी: "नक्की दूधच ना?" बायकोने उत्तर देणं केव्हाच सोडलं होतं.

ऑफिसात मात्र याच खोडीचा पगार मिळे. त्यांची कंपनी हजेरी आणि रजेची प्रणाली बनवायची. विकायची आणि स्वतःही तीच वापरायची. ती ज्या संगणकी भाषेत लिहिली होती, ती भाषा मोठ्या मोकळ्या स्वभावाची. आकड्याच्या जागी मजकूर द्या, ती हूं की चूं करायची नाही. बोंब व्हायची ती प्रणाली चालू झाल्यावर, गिऱ्हाइकासमोर. फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, की मग मात्र सगळी तपासणी आधीच व्हायची. प्रोग्रामच्या कुठल्या तुकड्याने कुठल्या तुकड्याला हाक मारायची तेही आधीच ठरायचं, त्यामुळे काम भरभर चालायचं. पण ती ओळ लिहायला सगळ्यांच्याच जिवावर यायचं.

शेवटी नक्कीभाऊंनी साहेबांकडून परवानगी काढली आणि सेटिंगमध्येच नियम घातला: ओळ लिहा न लिहा, प्रत्येक फाइल कडक तपासली जाणार. ज्याला सूट हवी, त्याने आपल्या फाइलवर तसं उघड लिहावं. त्याच सकाळी जुनी प्रणाली उतरवली आणि नवी चढवायला घेतली. ती कसली चढते! पडदाभर लाल चुका.

दिवस मात्र चुकीचा निवडला. रजेचा अर्ज प्रणालीतूनच करायचा, तोंडी रजा साहेबांना चालत नसे, आणि साहेब संध्याकाळी परगावी निघणार होते. बायकोला समुद्र दाखवायचं वचन किती वर्षं लोंबकळत होतं ते विचारू नका. तिचा फोन आलाच.

"अहो, रजा टाकलीत का?"

"टाकतोय."

"या खेपेला नाही मिळाली तर मी आणि ताई जाणार. तुम्ही बसा तपासत."

दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या चुका निस्तरल्या. उरली एकच फाइल, रजेची. ती लिहिली होती झटपटने, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या गड्याने, जो जेवतोही उभ्या-उभ्या.

"भाऊ, सूट लिहून टाका हिच्यावर. दोन वर्षं बिनबोभाट चाललीय."

"नक्की?"

"आता तुमचीच रजा अडलीय ना? मग?"

नक्कीभाऊंचा हात सूट लिहायला खरोखर पुढे गेला होता. पण पहिल्याच दिवशी, पहिली सूट, तीही स्वतःच्या रजेसाठी? हात मागे आला. खुर्ची ओढून त्यांनी ती लाल ओळ वाचली. गावाबाहेर जाणाऱ्याला प्रवासाचा एक दिवस जादा मिळे, त्याची बेरीज होती ती. पण अर्जातले दिवस आकडा म्हणून येतच नव्हते, मजकूर म्हणून येत होते. दोन आणि एक मिळवायचं सोडून भाषा दोनापुढे एक चिकटवत होती.

"म्हणजे दोनात एक मिळवला की..." झटपट थांबला.

"एकवीस."

दोघांनी एकदमच हिशेबनीस बाईंकडे पाहिलं. त्या ऑफिसात गावाबाहेर जायची हिंमत आजवर त्यांनीच काय ती केली होती. गेल्या वर्षी तीन दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि तीन आठवड्यांनी उन्हाने रापून परतल्या. त्यांचा वशिला कुठवर पोचलाय यावर ऑफिस वर्षभर कुजबुजत होतं.

"माझ्याकडे काय बघता? साहेबांनी दोन दिवस मंजूर केले, पुढचे मशीनने जोडले, मी घेतले. मशीनशी काय भांडत बसू?" असं म्हणून बाई कामाला लागल्या.

बेरीज दुरुस्त झाली, प्रणाली चढली, आणि साहेबांनी बॅग उचलता-उचलता नक्कीभाऊंची रजा मंजूर केली. तीन दिवस, पुरते तीन.

घरी येऊन त्यांनी मोठ्या अभिमानाने सगळी हकिकत सांगितली. बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"म्हणजे नियम उद्या घातला असतात, तर आपल्याला एकवीस दिवस मिळाले असते?"

नक्कीभाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि मान डोलावली.

"नक्की का?" तिनेच विचारलं, आणि बॅगेतले त्यांचे जादाचे सदरे एकेक करून बाहेर काढले.