नव्या होडीवर अनवाणी

मुलीने क्रूझसाठी आणलेल्या बुटांचा रबरी वास आला आणि मला करंज्याचं बंदर आठवलं. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या वडिलांनी नवी होडी पाण्यात उतरवली, तेव्हा मलाही बोलावलं होतं. बटणांचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पनवेलच्या बाजारातून घेतलेले न घसरणारे बूट घालून मी ऐटीत गेले. "बूट काड पोरी, होरी आमची माय हाय," ते म्हणाले. मी भीतभीत अनवाणी चढले. किनारा पुसट झाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, आणि तळव्यांखालची फळी सावकाश वर आली, खाली गेली. झोपलेल्या कुणाच्या तरी छातीवर मी उभी होते! चुकून कुणाला पाय लागल्यावर जुळतात तसे माझे हात जुळले. आत्ता मुलीला एवढंच म्हटलं, "बूट छान आहेत. पण तिथे एकदा काढून उभी राहा."