पेल्यात बुडलेली माशी

नदीवर त्याला सगळे पेलेवाले म्हणायचे. खरं नाव मासेमारी क्लबाच्या पगारपत्रकात असेलच, पण ते वाचायची तसदी कोणी घेतली नव्हती. नदीच्या वरच्या पट्ट्याचा तो राखणदार. वरच्या पट्ट्यात फक्त माशी लावून मासे धरायचे, खालच्या पट्ट्यात गळाला वाटेल ते लावा, अशी क्लबाची रीत. माशी म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. आता खोट्यातली खरी कुठली, यावरून पोटं सुटलेली माणसं शाळकरी पोरांसारखी हमरीतुमरीवर यायची. तसं झालं की राखणदार आपल्या खोलीतला काचेचा पेला पाण्याने भरायचा आणि वादातली माशी त्यात सोडायचा. तरंगली तर राहा, बुडाली तर खाली जा.

पेल्याशी हुज्जत घालता येत नाही, म्हणून इतकी वर्षं भागलं. अलीकडे मात्र तो या सगळ्याला विटला होता. गुडघे कुरकुरत, गमबूट सकाळी पायात जाता जात नसत, आणि कोणी ‘जरा इकडे या हो’ म्हणून हाक मारली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. माणसं नदीवर मन हलकं करायला येतात म्हणे. आपलं हलकं करून ती ओझं राखणदाराच्या डोक्यावर ठेवून जायची.

त्यात भाऊजींचं प्रकरण उपटलं.

भाऊजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ऐन उमेदीत हा बिनकामाचा ताईच्या घरी पडून होता, तेव्हा टोमणा न मारता भाऊजींनी त्याच्या हातात गळाची काठी दिली आणि नदीवर नेलं. फेक शिकवली, माशी बांधायला शिकवली, पुढे क्लबात शब्द टाकून ही नोकरीही लावली. गेल्या हिवाळ्यात भाऊजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण हात खांद्याच्या वर जाईना. आणि हात वर गेल्याशिवाय माशीची फेक होत नाही.

मग भाऊजींनी आपल्यापुरती वाट काढली. माशीच्या डोक्याशी शिशाचा जड मणी ओवायचा, आखूड दोर खालूनच झुलवून पाण्यात सोडायचा, आणि प्रवाहाबरोबर माशी तळाच्या दगडांवरून घरंगळू द्यायची. मासे लागायचे. राखणदार लांबून बघायचा आणि मान वळवून दुसऱ्याच वळणाकडे चालू लागायचा.

“नदीवरून आले की दोन घास जेवतात तरी,” ताई म्हणाली होती. “नाहीतर दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात. तू तेवढं सांभाळून घे रे.”

खालच्या पट्ट्यात जायचं तर ओल्या दगडांची घसरण उतरायला लागायची. तिथे धडधाकट माणूस जपून पाय टाकतो. वरच्या पट्ट्यातून उठवणं म्हणजे भाऊजींना नदीवरूनच उठवणं होतं.

तक्रार बेकरीवाल्याने केली. माणूस वाईट नव्हता. भट्टी उरकून तसाच यायचा, भुवयांना पीठ लागलेलं असायचं.

“माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही,” तो म्हणाला. “पण माझ्या मेहुण्याला तू याच शिशापायी हाकललंस. बायको माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. आता सांग, नियम कोणाकोणासाठी आहे?”

खरं होतं ते. राखणदाराने पेला आणला आणि भाऊजी बसले होते तिथे काठावरच ठेवला. भाऊजींनी निमूटपणे माशी काढून दिली. ती सरळ तळाला गेली, काचेवर टक् वाजली.

“आता तुमची द्या,” राखणदार बेकरीवाल्याला म्हणाला.

“माझी? माझी कशाला?”

पण दिली. तिच्या पोटाशी बारीक तार गुंडाळलेली होती. तीही बुडाली, जरा सावकाश इतकंच. राखणदाराचा जीव भांड्यात पडला.

“बघा. जायचं तर दोघांनी खाली जा, नाहीतर दोघंही इथेच राहा.”

वाद संपला होता. इतक्यात भाऊजीच बोलले.

“पेला ठेव बाजूला. पाणी प्यायचं भांडं आहे ते.”

“भाऊजी, झालं ना आता...”

“मी काय शिकवलं होतं तुला? बोल की.”

राखणदार पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाला, “दोर माशीला नेतो, ती माशीची मासेमारी. वजन दोराला नेतं, ती नुसती गळटाक.”

“मग बुडाली की तरंगली याचा काय संबंध? फेक बघ. टाका हो तुमची.”

बेकरीवाल्याने अवघडत काठी उचलली. जाड दोर त्याच्या डोक्यामागे उलगडला, पुढे गेला, आणि माशी त्याच्या मागोमाग जाऊन पाण्यावर टेकली. मग भाऊजींनी आपली काठी झुलवली. मणी पुढे गेला आणि दोराला ओढत घेऊन गेला. तिघांनीही बघितलं.

“राहू द्या हो,” बेकरीवाला म्हणाला. “मी तक्रार मागे घेतो.”

“का? तुमच्या मेहुण्याला एक नियम आणि याच्या भाऊजीला दुसरा?” भाऊजी राखणदाराकडे वळले. “सांग. तुझं काम आहे ते.”

आयुष्यात इतकं थकल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं. “तुमचं माशीत बसत नाही, भाऊजी.”

“हां. आता कसं बोललास.”

भाऊजींनी दातांनी दोरा तोडला, मण्याची माशी खिशात टाकली आणि डबीतून एक हलकी, नुसत्या पिसांची माशी काढून राखणदारापुढे धरली. त्याने ती बांधून दिली. भाऊजींनी दात आवळून हात जेमतेम छातीपर्यंत नेला आणि फेकलं. दोर त्यांच्या बुटांपाशीच ढिगाने पडला. घोट्याएवढ्या पाण्यात माशी छान तरंगत राहिली. तिथे मासा कधीच येत नाही.

“ही बसते ना?”

“बसते, भाऊजी.”

बेकरीवाला कधी निघून गेला ते कळलं नाही. राखणदाराने खोलीतली खुर्ची आणून भाऊजींना बसवलं, आणि ते दिवसभर पुन्हा पुन्हा तिथेच, पायाशी, माशी टाकत राहिले.

उन्हं उतरल्यावर ताईचा फोन आला.

“काय रे, आज लागलं का काही त्यांना?”

“नाही. पण आज माशी टाकतायत ते. खरी.”

“ते असू दे. जेवतील ना?”

त्याने भाऊजींकडे पाहिलं. ते ओला दोर एका हाताने हळूहळू गोळा करत होते. ताई पलीकडून हॅलो हॅलो करत राहिली.