एकाच टोपलीतले निरोगी

“शेजारी कोण?”

आमच्या सरांचा हा प्रश्न साऱ्या रत्नागिरीला पाठ होता. तुम्ही आंब्याची पेटी पुढे करा, लग्नाचं स्थळ सांगा नाहीतर दाढ दुखते म्हणा, सर चष्मा कपाळावर ढकलून हेच विचारणार. दाढेच्या बाबतीत तर त्यांचंच खरं निघालं. दुखत होती शेजारची, आणि मी उपटायला निघालो होतो धडधाकट!

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गावातल्या एका डॉक्टरांनी मधुमेह घराण्यांतून कसा उतरतो हे शोधायचा घाट घातला आणि गणितासाठी सरांना धरलं. माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा ते गणित माझ्या मशीनवर चाले. पंखा असा घोंघावे, की भिंतीवरचं कॅलेंडर उडून मिऱ्याबंदरावर पडे. खोटं वाटत असेल तर तिथल्या लोकांना विचारा. त्या वर्षीच्या तिथी त्यांनी त्यावरच बघितल्या.

माणसाच्या जनुकांत खुणा, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या जागा, लाखांनी. सगळ्या तपासायला डॉक्टरांना सात जन्म लागले असते. सर म्हणत, “शेजारच्या खुणा पिढ्यानपिढ्या घोळक्यानं उतरतात. घोळक्यातली एक नीट निवडा, बाकीच्यांची बातमी तीच देते.” ही विद्या ते मासळीबाजारातही चालवत. एक बांगडा उचलायचा, कल्ले बघायचे, की टोपली पास नाहीतर नापास. मासेवाली कडाडे, “सर, बघितलात एक नि नापास केलीत अख्खी टोपली?”

“त्याचे शेजारी तसेच असणार, बाय!”

तर खुणा निवडल्या, रुग्णांचं आणि निरोगी माणसांचं रक्त ताडून पाहिलं. रुग्णांत एक खूण अशी ठळक निघाली, की स्क्रीनपुढे माझे डोळे दिपले. डॉक्टरांनी पेढे वाटले. मुंबईच्या परिषदेत बोलायचं ठरलं. दोन वर्षं दवाखाना सांभाळून खपलेला माणूस, आता नाव होणार होतं.

सर पेढा हातात धरून म्हणाले, “निरोगी माणसं आणलीत कुठून?”

“केळशीहून! पुतण्याच्या लग्नात सगळी एका मांडवात सापडली. तीही उपाशीपोटी. पंगत मी मुद्दाम उशिरा बसवली!”

“शेजारी कोण होते?”

“शेजारी कसले? सगळी आमचीच भावकी.”

सरांनी पेढा परत खोक्यात ठेवला. “डॉक्टर, रुग्ण जिल्हाभरातले आणि निरोगी एकाच टोपलीतले. ही खूण मधुमेहाची नव्हे. तुमच्या भावकीत ती कमी आहे, एवढंच आपल्याला सापडलंय.”

“अहो सर, पेढे वाटून झालेत!”

“लग्नाचे होते म्हणून सांगा.”

डॉक्टर असे तापले, की टेबलावरचा गार चहा पुन्हा उकळला. पण दुसऱ्या दिवशी जीप त्यांनीच काढली. मंडणगडपासून देवरूखपर्यंत रुग्णाच्या दारात उभं राहून सर विचारत, “शेजारी कोण?” मग नात्यात नसलेल्या निरोगी शेजाऱ्याचं रक्त घ्यायचं. मंडणगडकडे एका मधुमेही मास्तरांच्या शेजारचे चाचा भडकले, “साखर त्यांना, नि सुई मला?”

“तुम्ही इतकं गोड बोलता, खात्री करायला नको?”

नव्या गणितात ती ठळक खूण मावळली. एक बारकी तेवढी मिणमिणत राहिली, पुढे तपासण्याजोगी. डॉक्टर मुंबईला गेले आणि मांडवाची कथा भर सभेत स्वतःच सांगून आले. लोक आधी खो खो हसले, मग गुपचूप आपापली निरोगी माणसं कुठली ते आठवू लागले. ते परतल्यावर सर म्हणाले, “आता द्या पेढा.”

काही वर्षांनी सर गेले. त्या दिवशी अंगणात माणूस मावेना, आणि यात माझं तिखटमीठ अजिबात नाही. रुग्ण आले होते, प्रत्येकाच्या बाजूला त्याचा शेजारी. चाचा मास्तरांचा हात धरून उभे. मासेवाली टोपली फाटकाबाहेर ठेवून आत आलेली.

डॉक्टरांनी गर्दीवरून नजर फिरवली, डोळे पुसले आणि मला म्हणाले, “बघ रे, एका टोपलीतली दोन नाहीत.”